समुद्र ५०० किलोमीटर लांब, तरी गोष्ट बेटाचीच! हवामान बदलाशी जुळवून घेताना इंझोरीसारख्या गावांच्या हातात काय आहे?

वाशिम जिल्ह्यातला मानोरा तालुका उभ्या महाराष्ट्राला माहीत आहे तो पोहरादेवीमुळे. याच तालुक्यात इंझोरी आहे. शेती बहुतेक पावसावरची. खरिपात सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी टिकलं तर रब्बीत हरभरा किंवा गहू. अरबी समुद्र इथून सुमारे ५०० किलोमीटर लांब. त्यामुळे मोबाईलवर मालदीव, तुवालू किंवा सुंदरबनचे व्हिडिओ आले, पाण्याखाली जाणारी बेटं दिसली, की ती गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी वाटते.

पण वाशिम जिल्ह्याचा नद्यांचा नकाशा एकदा उघडून बघा.

काटेपूर्णा नदी याच जिल्ह्यात उगम पावते आणि उत्तरेला अकोल्याकडे निघून जाते. तिचं पाणी पूर्णेतून तापीला मिळतं. अडाण, अरुणावती, पूस या नद्याही इथल्याच डोंगरांतून निघतात, पण त्या यवतमाळच्या दिशेने पैनगंगेच्या खोऱ्यात, म्हणजे शेवटी गोदावरीत जातात. मानोरा तालुका या बाजूचा. पैनगंगा तेवढी बुलढाण्याकडून येते, पण तीही जिल्ह्याची कड धरून जाते. थोडक्यात, जिल्हा दोन मोठ्या खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर बसला आहे. इथून पाणी निघतं, बाहेरून फारसं येत नाही.

बेटाचंही असंच असतं. आभाळातून जेवढं पडेल तेवढंच आपलं.

म्हणूनच छोट्या बेटांवरची माणसं बदलत्या हवामानाशी कशी जुळवून घेतायत, त्यात काय जमलं आणि काय फसलं, हे इंझोरीच्या पारावर बसून वाचण्यासारखं आहे.

आधी शब्द समजून घेऊ: अनुकूलन म्हणजे काय?

हवामान बदलावर दोन प्रकारची कामं होतात. पहिलं म्हणजे कार्बन उत्सर्जन कमी करणं: कोळसा कमी जाळणं, सौरऊर्जा वाढवणं वगैरे. दुसरं म्हणजे जो बदल झालाच आहे आणि पुढे होणारच आहे, त्यात तगून राहण्याची तयारी. या दुसऱ्या कामाला अनुकूलन म्हणतात. पेरणीची पद्धत बदलणं, कमी पाण्यावर येणारं वाण निवडणं, घराचं जोतं उंच करणं, गावाचं पाणी मोजून वापरणं, हे सगळं त्यात येतं.

ही तयारी दोन तऱ्हांनी होऊ शकते. एक, मुंबई-दिल्लीत आराखडा बनतो, गावात ठेकेदार येतो, काम होतं, फलक लागतो. दुसरी, गाव स्वतः ठरवतं की आपल्याला धोका कशाचा आहे, पैसा कुठे लावायचा आणि नियम कोणते पाळायचे. सरकार, शास्त्रज्ञ, संस्था मदतीला असतात, पण निर्णय गावाचा. याला लोकांच्या पुढाकाराने होणारं अनुकूलन म्हणतात. २०२१ च्या जानेवारीत झालेल्या जागतिक अनुकूलन परिषदेत यासाठी आठ तत्त्वं मांडली गेली. त्यातलं पहिलं साधं आहे: निर्णय शक्य तितक्या खालच्या पातळीवर घेतला जावा.

कागदावर हे सगळ्यांना पटतं. पैसा मात्र वरच अडकतो. लंडनच्या आयआयईडी या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार, आंतरराष्ट्रीय हवामान निधीतली १० टक्क्यांहूनही कमी रक्कम स्थानिक पातळीवरच्या कामांसाठी जात होती.

बेटावर नेमकं काय अडतं?

बहुतेकांना वाटतं, बेटाचा प्रश्न म्हणजे समुद्र चढणार आणि जमीन बुडणार. ते खरंच आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली. पण बेट बुडण्याच्या कितीतरी आधी तिथलं गोडं पाणी संपतं.

प्रवाळाच्या छोट्या बेटांखाली पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर राहतं. हा थर मधोमध जाड आणि कडांना पातळ असतो. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर येतं आणि विहीर नासते. एकदा नासलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला पुढचे अनेक पावसाळे जावे लागतात. आणि ही विहीर एका घराची असली, तरी खालचा थर सगळ्यांचा असतो.

तुवालू हा पॅसिफिकमधला चिमुकला देश. चारही बाजूंनी समुद्र, पण २०११ मध्ये तिथे पाणीटंचाईमुळे आणीबाणी जाहीर करावी लागली. महिनोन् महिने पाऊस नव्हता, टाक्या रिकाम्या झाल्या, आणि खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारी यंत्रं बाहेरून विमानाने आणावी लागली. सगळीकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, ही तिथे म्हण नव्हती, बातमी होती.

आता घराजवळ येऊ.

गोव्याची दिवाडी आणि चोडण: बांध कुणाचा?

पणजीच्या शेजारी मांडवी नदीत दिवाडी आणि चोडण ही बेटं आहेत. दिवाडीला जायला आजही फेरीबोट लागते. पर्यटक तिथे जुनी घरं आणि हिरवी शेतं बघायला जातात, फोटो टाकतात. पण त्या हिरव्या शेतांची पातळी अनेक ठिकाणी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते, हे फोटोत दिसत नाही.

या जमिनींना खाजन म्हणतात. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नदीकाठच्या खारट दलदलीत मातीचे बांध घातले, बाहेरच्या बाजूला खारफुटी राखली म्हणजे लाटांचा मार बांधाला बसू नये, आणि आत भात लावला. बांधात ठिकठिकाणी लाकडी दारं बसवली. या दाराला मानस म्हणतात.

मानसची गंमत अशी की तिला वीज लागत नाही, चौकीदारही लागत नाही. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार आपोआप बंद होतं. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ते उघडतं आणि जादा पाणी बाहेर जातं. आत कोरगुट नावाचं खारट जमिनीत तग धरणारं भात. पावसाने जमिनीतला खार धुतला गेला की पेरणी. पीक निघालं की काही ठिकाणी मासे, काही ठिकाणी मिठागरं. हवामान अनुकूलन हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधीचं हे अनुकूलन.

पण मातीचा बांध आपोआप उभा राहत नाही. खेकडे त्याला बिळं पाडतात, लाटा माती खातात. एका शेतकऱ्याच्या वावरासमोर भोक पडलं तर खारं पाणी सगळ्यांच्या वावरात शिरतं. त्यामुळे बांधाची राखण एकट्याने करून भागत नाही. गोव्यात हे काम गावकारी करायची, म्हणजे गावची सामूहिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था. पोर्तुगीजांनी पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं. १५२६ मधल्या पोर्तुगीज दस्तऐवजात गावकारीच्या रूढी नोंदवून ठेवल्या आहेत. म्हणजे संस्था त्याच्याही आधीची. मानसच्या तोंडाशी मासे पकडायचा हक्क लिलावाने द्यायचा, आणि आलेल्या पैशातून बांधाची डागडुजी करायची. हिशेब चोख होता.

मग गणित बिघडलं. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ मधली त्याची दुरुस्ती यामुळे कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळाला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे व्हायलाच हवं होतं, कारण जुन्या गावकारीत सत्ता मोजक्या घराण्यांच्या हातात होती. बांधाची जबाबदारी मात्र गावकारीकडून कुळांच्या संघटनांकडे आली, आणि सगळीकडे ती पेलली गेली नाही. शेती परवडेना, तरुण नोकरीला गेले, वावरं पडीक राहिली. दुसरीकडे मासे आणि कोळंबीच्या लिलावाला चांगला भाव आला. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त दिसायला लागला तेव्हा काही ठिकाणी मानस मुद्दाम उघडी ठेवली गेली, बांध फुटले तरी वेळेवर बुजवले गेले नाहीत. खारं पाणी शिरलं की ज्याला भात लावायचाय त्याचंही वावर जातं.

नीट बघितलं तर समुद्राने मारलेल्या धडकेइतकाच हा बांध राखणारी व्यवस्था मोडल्याचा परिणाम आहे. समुद्राची पातळी वाढत असताना नेमकी बांधाची माणसं कमी झाली. आता गोव्यातल्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने कोरगुटमधून निवड करून 'गोवा धान' नावाची खार सोसणारी वाणं काढली आहेत, काही गावांत पडीक खाजनं एकत्र येऊन कसण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. वाण चांगलंच आहे. पण फुटक्या बांधाच्या आत कुठलंही वाण किती दिवस टिकणार?

असंच काहीसं विदर्भातही घडलंय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी तलाव आठवा. कोहळी समाजाच्या कारागिरीने उभे राहिलेले हे हजारो तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. शोषणाची व्यवस्था गेली हे चांगलंच झालं, पण पाळ कोण दुरुस्त करणार आणि गाळ कोण काढणार, हा प्रश्न लोंबकळत राहिला.

मग इंझोरीचं काय बदललंय?

वाशिम जिल्ह्यात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा वाईट नाही. हिवरे बाजारात याच्या निम्म्याच्या आसपास पडतो. अडचण त्याच्या पडण्याच्या तऱ्हेत आहे.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या नेतृत्वाखाली झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या आहेत. शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर झड कमी झाली आणि ढगफुटीसारखा पाऊस वाढला. चार दिवस वावरात पाणी साचतं, मग तीन आठवडे खंड पडतो. सोयाबीनला हे दोन्ही मारक. फुलोऱ्यात खंड पडला तर शेंगा भरत नाहीत, आणि काढणीच्या वेळी पाऊस आला तर उभ्या शेंगांना कोंब फुटतात.

त्यात खालचा दगड बेसाल्ट, आपला काळा पाषाण. वाळूच्या प्रदेशासारखं पाणी इथे सहज मुरत नाही. भूजलाचा अंदाज बांधायच्या सरकारी निकषांत बेसाल्टसाठी पावसाचा साधारण ७ ते १३ टक्के हिस्साच जमिनीत मुरतो असं धरलं जातं. पाऊस जोरात कोसळला की वरची काळी माती फुगून बंद होते आणि पाणी धुऱ्यावरून नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून यवतमाळला.

दगडातल्या भेगा आणि झिजलेला थर मिळून जेवढी जागा, तेवढीच खालची टाकी. ती एका पावसाळ्यात भरते आणि उपसली तर एका रब्बीत रिकामी होते. प्रवाळ बेटावर जास्त उपसलं तर विहीर खारट होते, इथे कोरडी पडते. टाकी दोन्हीकडे सामाईक आहे.

गावाचं पाणी मोजता येतं का?

येतं, आणि गणित सातवीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात.

एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. हे एवढं लक्षात ठेवायचं. आता समजण्यापुरतं एक गाव धरू: १,००० हेक्टर शिवार, २,००० लोकसंख्या, ८०० मिलिमीटर पाऊस.

एकूण पाणी पडलं ८०० कोटी लिटर. आकडा ऐकूनच पोट भरतं!

त्यातलं १० टक्के जमिनीत मुरलं असं धरलं तर विहिरींच्या वाट्याला ८० कोटी लिटर. बाकीचं काही पिकांनी आणि मातीने घेतलं, काही वाफ होऊन गेलं, काही वाहून गेलं.

आता खर्च. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरलं तर २,००० लोकांना वर्षाला साधारण ४ कोटी लिटर लागतं. म्हणजे मुरलेल्या पाण्याच्या फक्त पाच टक्के. तरीही उन्हाळ्यात हेच गाव टँकर मागतं. का?

कारण रब्बी. समजा, गावाने १०० हेक्टरवर गहू घेतला आणि सहा-सहा सेंटिमीटरच्या पाच पाळ्या दिल्या. गेले ३० कोटी लिटर. त्याच १०० हेक्टरवर हरभरा घेऊन दोन पाळ्या दिल्या असत्या तर १२ कोटी लिटर लागलं असतं. फरक १८ कोटी लिटरचा, म्हणजे गावाच्या चार वर्षांच्या पिण्याच्या पाण्याहून जास्त. वर संत्र्याची बाग असेल, उन्हाळी भुईमूग असेल, तर तो खर्च वेगळा. जनावरांचं पाणी वेगळं.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक गावाची माती, उतार आणि विहिरी निराळ्या, त्यामुळे खरा ताळेबंद मोजूनच करावा लागतो. पण मुद्दा कळतो. पाणीटंचाई मे महिन्यात दिसते, तिचा निर्णय मात्र ऑक्टोबरमध्ये, रब्बीच्या पेरणीच्या वेळी झालेला असतो. आणि तो निर्णय एकेकटा शेतकरी आपापल्या वावरात घेतो. शेजारी गहू घेणार असेल तर आपणच हरभऱ्यावर का थांबायचं? आपण सोडलेलं पाणी त्याच्याच मोटरीने उपसलं जाणार. एकट्याचं शहाणपण इथे कामाला येत नाही.

महाराष्ट्रात हे कुणी करून दाखवलंय?

नाव घेतलं की सगळे मान डोलावतात ते हिवरे बाजारचं. १९८९ पासून पोपटराव पवारांच्या पुढाकाराने या गावाने चर खणले, झाडं लावली, हे सगळ्यांनाच माहीत आहे. चर आता महाराष्ट्रात कुठेही दिसतात. पण गावाने नियमही केले, आणि गाव टिकलं ते त्यांच्यामुळे: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, दरवर्षी पाऊस मोजून ताळेबंद मांडायचा आणि आधी पिण्याचं पाणी बाजूला काढून उरलेल्यात पिकं ठरवायची. पाऊस कमी झाला तर दुसऱ्या पिकाचा हट्ट गाव सोडतं.

त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम आजही धाडसी वाटतो. पाणी जमिनीच्या एकरांवर मिळणार नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस बंद. योजनेच्या खर्चातला २० टक्के वाटा लाभार्थ्यांनी स्वतः उचलायचा. पाणी ही जमिनीला चिकटलेली मालमत्ता आहे, हे गृहीतकच इथे बाजूला सारलं होतं.

२००९ नंतर वॉटर या संस्थेने नाबार्डच्या साथीने संगमनेर आणि अकोले तालुक्यांत हवामान अनुकूलनाचं काम हाती घेतलं. गावांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली, आणि तिथल्या नोंदींवरून शेतकऱ्यांना पिकांचे सल्ले मिळू लागले. जिल्ह्याचा अंदाज आणि आपल्या शिवारातला पाऊस यात किती फरक असतो, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही.

आणि २०१६ मध्ये आला वॉटर कप. पानी फाउंडेशनच्या या स्पर्धेत पहिल्या वर्षी तीनच तालुके होते, त्यातला एक विदर्भातला, अमरावती जिल्ह्यातला वरुड. पुढच्या तीन वर्षांत स्पर्धा ७५ हून जास्त तालुक्यांत पसरली. पहाटे उठून श्रमदानाला जाणारी गावं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. ४५ दिवस सगळं गाव एकत्र येऊ शकतं, हे त्यातून दिसलं. सेहेचाळिसाव्या दिवशी काय, हा प्रश्न राहिला. साठलेलं पाणी वाटायचं कसं हे ठरलं नसेल तर नव्या बंधाऱ्याशेजारी नव्या मोटरी बसतात. फाउंडेशननेही २०२२ मध्ये फार्मर कप सुरू करून आपला मोर्चा गटशेतीकडे वळवला.

वाशिममध्ये काय चाललंय?

सरकारी पातळीवरचा सगळ्यात मोठा प्रयत्न म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, गावकऱ्यांच्या तोंडी 'पोकरा'. जागतिक बँकेने २०१८ मध्ये त्यासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मराठवाड्याचे आठ जिल्हे, विदर्भातले वाशिमसह सहा आणि जळगाव, अशा पंधरा जिल्ह्यांतली निवडक गावं आणि पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा मिळून पाच हजारांहून जास्त गावं पहिल्या टप्प्यात होती. दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतल्या सुमारे सात हजार गावांसाठी आहे.

या प्रकल्पाची रचना वाचली तर त्यात लोकांच्या पुढाकाराचा विचार नक्की दिसतो. प्रत्येक गावात सरपंचाच्या अध्यक्षतेखाली ग्राम कृषी संजीवनी समिती असते. आयआयटी मुंबईच्या मदतीने बनवलेल्या पद्धतीने गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायचा, त्यावरून सूक्ष्म नियोजन आराखडा करायचा आणि ग्रामसभेत मंजूर करायचा. शेतीशाळेत वाणं आणि लागवडीच्या पद्धती शिकायच्या. ठिबक, तुषार, शेततळं, फळबाग यांचं अनुदान थेट खात्यात.

रुंद वरंबा सरी पद्धत या भागात बरीच रुजली, तिच्यामागेही अशा शेतीशाळा आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ती काळ्या जमिनीसाठी विकसित केली. सोयाबीन उंच, रुंद वाफ्यावर असतं आणि दोन्ही बाजूंनी सऱ्या. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं, मुळं सडत नाहीत. खंड पडला तर सरीत मुरलेला ओलावा कामी येतो. एकाच हंगामात अतिवृष्टी आणि खंड दोन्ही सोसायचं असेल तर याहून स्वस्त उपाय सापडणं कठीण.

पण वरंबा सरी काय, ठिबक काय, हे प्रत्येकाने आपल्या वावरात करायचं काम आहे. यासाठी अर्ज करता येतो, अनुदान मोजता येतं, फोटो काढता येतो. 'यंदा गव्हाला मोटर नाही' हा ठराव करायला अनुदान नसतं आणि त्याचा फोटोही निघत नाही. ठिबक बसवल्यावर वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले, तर गावाच्या टाकीत काहीच उरत नाही. समिती नुसती लाभार्थ्यांच्या यादीवर सही करणारी राहते की पिकांचं नियोजन करणारी होते, यावर सगळं ठरतं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये. ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला त्यात मनाई आहे, आणि पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर समित्या नेमण्याची तरतूदही आहे. प्रत्यक्षात रात्री बोअरची गाडी गावात आली तर तिला अडवणार कोण? तालुक्याचा अधिकारी तिथे नसतो. गाव अडवू शकतं, पण अडवणारा आणि अडवला जाणारा दोघे भावकीतले असतात, एकाच लग्नात जेवायला बसायचे असतात. गावाच्या पुढाकाराची ताकद आणि अडचण दोन्ही इथेच आहेत.

शिवाय 'गाव' म्हणजे कोण, हाही प्रश्न आहेच. ग्रामसभेत बोलतात ते बहुतेक विहीरवाले. ज्यांना मे महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन जावं लागतं त्या बायका, शेतमजूर, ज्यांच्याकडे वावरच नाही ते, यांचं पाणी ताळेबंदात पाच टक्के असतं आणि चर्चेत बहुधा त्याहूनही कमी. पाणी पंचायतीने भूमिहीनाला वाटा दिला तो याचसाठी.

आणि एक गोष्ट सरळ सांगायला हवी. लोकांनी पुढाकार घ्यावा याचा अर्थ सरकारने हात झटकावेत असा होत नाही. वातावरणात साठलेल्या कार्बनमध्ये तुवालूच्या मच्छीमाराचा किंवा मानोऱ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे. गावाने कितीही नेमका ताळेबंद मांडला तरी सप्टेंबरच्या एका रात्रीच्या पावसाने उभं सोयाबीन गेलं तर तिथे पीकविमा, वेळेवरचा पंचनामा आणि नुकसानभरपाईच लागते. श्रमदानाने ते भरून निघत नाही.

गावात सुरुवात करायची तर कुठून?

पर्जन्यमापकापासून. तालुक्याच्या किंवा महसूल मंडळाच्या आकड्यावर विसंबण्याऐवजी शाळेच्या आवारात साधा मापक बसवून रोज सकाळी नोंद ठेवता येते. मुलं हे काम आनंदाने करतात. दुसरी नोंद विहिरींची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावाने त्याच महिन्यांत आपल्या पाच-सहा विहिरींत दोरी सोडून पातळी लिहून ठेवली तर दोन-तीन वर्षांत स्वतःचा आलेख तयार होतो. खर्च दोरीचा आणि वहीचा.

तिसरी गोष्ट तारखेची. महाराष्ट्रात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. यातली २ ऑक्टोबरची सभा पावसाळा संपता संपता आणि हरभरा-गव्हाच्या पेरणीच्या तोंडावर येते. पावसाचा आकडा तोवर हातात असतो, विहिरी भरलेल्या असतात, बियाणं मात्र अजून घ्यायचं असतं. ताळेबंद फळ्यावर मांडायचा आणि यंदा किती एकर गहू हे बोलायचं तर ते त्या दिवशी. १ मेच्या सभेत तोच विषय निघाला तर बोलण्यासारखं एकच उरतं, टँकर कधी येणार.